अमेरिकेत कॉलेज स्विमिंगची टीम शोधताय? पूल कसा बघायचा ते सांगतो

पुण्याहून ताईचा फोन आला, भाची आता दहावीत आहे, रोज सकाळी बालेवाडीला पोहते, स्टेटला दोन मेडल आली, तर "अरे तिकडच्या टॉप दहा कॉलेजांची यादी पाठव ना, पूल भारी असलेली." मी म्हटलं ताई, यादी काय दोन मिनिटांत पाठवतो, पण पूलचे फोटो बघून कॉलेज निवडणं म्हणजे कार्यालय बघून नवरा पसंत करण्यासारखं आहे. आणि हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, आमच्या लेकीच्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं. दोन वर्षं गाडीत डबे घेऊन हिंडलो, आठ-नऊ कॅम्पस बघितले, आणि पहिल्या चार ठिकाणी मी नुसता तोंड वर करून स्कोअरबोर्ड किती मोठा आहे ते बघत होतो. लेक वैतागून म्हणाली बाबा, बोर्ड मला पोहायला शिकवणार नाहीये. तर त्या हिंडण्यात जे कळलं ते इथे एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या फोनला लिंक पाठवता येईल.

आधी नावं, तो विषय संपवू. मुलांमध्ये टेक्सस, बर्कलीचं कॅल, फ्लोरिडा, इंडियाना, ॲरिझोना स्टेट, टेनेसी, एनसी स्टेट ही नेहमीची मंडळी. मुलींमध्ये व्हर्जिनिया, स्टॅनफर्ड, टेक्सस, टेनेसी वगैरे. एनसीएए म्हणजे इथली कॉलेज खेळांची संस्था, तिचं मुलींचं टायटल २०१७, १८, १९ ला स्टॅनफर्डने नेलं, २०२० कोविडने खाल्लं, आणि मग २०२१ ते २०२५ सलग पाच वर्षं व्हर्जिनिया. मुलांचं २०२२ आणि २३ ला कॅल, २०२४ ला ॲरिझोना स्टेट, २०२५ ला टेक्सस.

आता त्या शेवटच्या दोन नावांकडे जरा नीट बघा. ॲरिझोना स्टेटचा कोच होता बॉब बोमन, मायकल फेल्प्सला घडवणारा तोच, त्याने २०२४ ला टीमला इतिहासातलं पहिलं टायटल मिळवून दिलं आणि लगेच टेक्ससला गेला, कारण तिथले एडी रीज १९७८ पासून कोचिंग करून १५ टायटल घेऊन निवृत्त होत होते. पॅरिस ऑलिंपिकला चार वैयक्तिक गोल्ड मारलेला लेऑं मार्शां पण मग बोमनच्या मागे ऑस्टिनला, म्हणजे टेक्ससलाच. पुढच्या वर्षी टायटल कुणाचं? टेक्ससचं. ॲरिझोना स्टेटचा टेंपीतला मोना प्लमर पूल होता तिथेच आहे, पाणी तेच, ऊन तेच. ऑलिंपिकची लांब पल्ल्याची राणी केटी लेडेकी, तिचं पण तसंच, स्टॅनफर्डचं एव्हरी सेंटर म्हणजे उघड्यावरचे चार-चार पूल, कॅलिफोर्नियाची हवा, आणि ते सोडून ती २०२१ ला फ्लोरिडात गेन्सव्हिलला गेली, कोच अँथनी नेस्टींकडे. (हे नेस्टी म्हणजे १९८८ ला सोलला सुरिनामसाठी १०० मीटर बटरफ्लायचं गोल्ड एक शतांश सेकंदाने जिंकलेले. एक शतांशाची दुसरी बाजू आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला माहितीये, २०१८ च्या एशियाडमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं ब्राँझ तेवढ्यानेच गेलं.)

म्हणजे पूल बघायचाच नाही का? बघायचा, पण शेवटी. आधी घड्याळ.

इथे सगळ्यात पहिला घोळ होतो तो यार्डांचा. कॉलेजचा सीझन मार्चमध्ये एनसीएएला संपतो आणि तो सगळा २५ यार्डांच्या कोर्सवर असतो, म्हणजे २२.८६ मीटर. आपल्याकडच्या आईबाबांनी इथले टाइम बघितले की धडकीच भरते. केलेब ड्रेसेलने फ्लोरिडासाठी २०१८ ला ५० यार्ड फ्रीस्टाइल १७.६३ मध्ये मारलं, आणि तोच माणूस टोकियोला ५० मीटरचं गोल्ड २१.०७ मध्ये घेतो, कारण ५० यार्ड म्हणजे पावणेसेहेचाळीस मीटरच, शिवाय मध्ये एक टर्न, भिंतीला लाथ मारून फुकटचा वेग मिळतो. तर भाचीचे मीटरमधले टाइम कन्व्हर्टरमध्ये टाकून यार्डात करून घ्या, ऑनलाइन ढिगाने आहेत, पण तो आकडा अंदाज म्हणूनच धरा. ५० मीटरच्या टँकमध्ये वाढलेल्या मुलांना १०० ला एकच टर्न असतो, इथे १०० यार्डाला तीन. आणि फ्लाय (बटरफ्लाय), बॅक, फ्रीला प्रत्येक भिंतीनंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहायची मुभा आहे, म्हणजे २२.८६ पैकी १५! ज्याची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली लाथ) चांगली तो शर्यतीचा मोठा भाग पाण्याखालीच काढतो. त्यामुळे तिला अत्ताच सांगा, टर्न आणि अंडरवॉटर. स्ट्रोक कितीही देखणा असला तरी भिंतीवर ढिली पोरगी इथे मार खाते, आमचीने पहिलं वर्ष खाल्लाच.

यार्डातले टाइम हातात आले की मग खरी शोधाशोध. लोक काय करतात, कॉलेजचं रेकॉर्ड बघतात आणि हताश होतात. रेकॉर्ड बघायचंच नाही. त्या टीमच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे ज्या कॉलेजांच्या गटात ती खेळते त्याच्या, चँपियनशिपचा मागच्या वर्षीचा रिझल्ट उघडा, तो सगळा ऑनलाइन असतो, आणि तिच्या इव्हेंटला सोळावी आणि चोविसावी आलेल्या मुलीचा टाइम काय तो बघा. मग त्या टीममध्येच तिच्या इव्हेंटला तिसऱ्या-चौथ्या नंबरची कोण आणि ती कधी पास आउट होणार ते बघा, कारण कोचला जागा भरायची असते ती तिची. बॅकवाल्या चार मुली सेकंड इयरला बसल्या असतील तर पाचव्या बॅकवालीला कोण घेणार.

आणि त्याहून महत्त्वाचं, जे मला फार उशिरा कळलं. स्विमक्लाउड ही टाइमची वेबसाइट उघडा, टीमच्या रोस्टरवर (खेळाडूंच्या यादीवर) जा, आणि आत्ता थर्ड-फोर्थ इयरला असलेल्या पाच-सहा मुलींचे बारावीतले बेस्ट टाइम आणि आताचे बेस्ट टाइम शेजारी शेजारी लिहा. स्टार मुली सोडा, मधल्या फळीतल्या घ्या. एक संध्याकाळ जाते, वही पेन घेऊन बसायचं. काही ठिकाणी सगळ्या हळूहळू सुधारलेल्या दिसतात, काही नामांकित ठिकाणी चार वर्षांत जैसे थे, आणि एका टीममध्ये तर निम्म्या मुली सेकंड इयरनंतर रोस्टरवरच नव्हत्या. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, त्याने आमची अर्धी यादी कापली.

आता पूल. टूरला जायचं तर प्रॅक्टिसच्या वेळी जायचं, हा एकच नियम पाळला तरी पुष्कळ. एका कॉलेजात, नाव नको, आम्हाला दुपारी दोनला नेलं. लॉबीत ऑलिंपियन लोकांचे फोटो, आत निळंशार ५० मीटर पाणी, एक लाट नाही, व्हिडिओ बोर्डवर चक्क लेकीचं नाव झळकवलेलं, मी तर मनात तिथेच ॲडमिशन घेऊन टाकली. मग लेक बाथरूमला गेली, तिथे टीममधली एक मुलगी केस वाळवत होती, तिला सहज विचारलं प्रॅक्टिस किती वाजता. ती म्हणाली पहाटे सव्वापाच, कारण दुपारी अर्धा पूल बाहेरच्या क्लबला भाड्याने आणि उरलेला कॅम्पसच्या लोकांना, आणि सकाळी पण एका लेनमध्ये सहा-सहा जणी. कोचने यातलं अक्षर काढलं नव्हतं. तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न ठरला, हे पाणी आठवड्याला किती तास फक्त टीमचं असतं?

लेनचं गणित सोपं आहे, करून बघा. इथले चांगले पूल ५० मीटर लांब आणि २५ यार्ड रुंद असतात, आणि मधली सरकती भिंत, तिला बल्कहेड म्हणतात, ती हलवून हवे तसे कोर्स करता येतात. आडव्या लेन टाकल्या की २५ यार्डांच्या वीस-बावीस लेन होतात, मुलं मुली मिळून साठ जण धरले तर लेनला तिघे. तीन म्हणजे स्वर्ग. तोच कार्यक्रम आठ लेनच्या पूलमध्ये असला तर मेंढरांसारखं एकामागे एक.

खोली विचारा. उथळ पाण्यात लाट तळावर आपटून वर येते, म्हणून दोन मीटरच्या वर असलेलं बरं, तीनच्या आसपास असलं तर उत्तम. टेक्ससचं जमेल सेंटर १९७७ चं आहे, आणि इतकं जुनं असून अजून फास्ट पूल म्हणून नाव काढतात त्याचं एक कारण हेच, रेसिंग पूल सगळीकडे नऊ फूट खोल. (शेजारी आता एडी रीज यांच्या नावाचा उघडा पूलही झालाय.) खोलीचा आकडा वेबसाइटवर मिळतो पण गटरचं, म्हणजे कडेने पाणी ओढून घेणाऱ्या पन्हळीचं, तिथे उभं राहूनच कळतं. पोरांनी एक जोरदार सेट मारला की कडेच्या लेनकडे बघत राहायचं, पाणी गटरात गुपचूप उतरतं की भिंतीवर आपटून परत येतं. मी एका ठिकाणी पाच मिनिटं वाकून हेच बघत बसलो होतो, लाइफगार्ड दोनदा विचारून गेला सर यू ओके?

नाक पण वापरा. बंद पूलमध्ये जो "क्लोरीनचा" उग्र वास येतो तो खरं तर क्लोरीनचा नसतोच, घाम-लघवी-साबण यांच्याशी क्लोरीन मिसळून क्लोरॅमाइन तयार होतं त्याचा असतो, आणि ते पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं, म्हणजे बरोबर पोहणाऱ्याच्या तोंडापाशी. हवा खेळवायची यंत्रणा धड नसली की सगळी टीम खोकत असते. गॅलरीत तासभर बसा. तुमचे डोळे चुरचुरले, छातीत खवखवलं, तर तिचं आठवड्याला वीस तास काय होईल याचा विचार करा, आणि दम्याचा त्रास असेल तर मग विषयच संपला.

उघड्या पूलचा हा फायदा, वास नाही. कॅलचा स्पीकर पूल, स्टॅनफर्ड, टेंपी, लॉस एंजेलिसला यूएससीचा उयटेंगसू सेंटर (१९८४ च्या ऑलिंपिकची जागा, नंतर नव्याने केलेली), सगळे उघड्यावर. पण जानेवारीत बर्कलीला पहाटे पाण्यातून वाफा निघत असतात आणि डेकवर पाय ठेवला की कळ डोक्यापर्यंत जाते, तर फ्लोरिडा-टेक्ससकडे दुपारी वीज कडाडली की सगळे बाहेर. मिशिगन, मिनेसोटा, इंडियानाकडे अर्थात सगळं बंदिस्त, आणि तिथे प्रश्न वेगळा, पूल ते हॉस्टेल किती चालायचं? ओले केस घेऊन उणे दहात बाहेर पडलं की केसांच्या अक्षरशः काड्या होतात. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली एवढ्या थंडीत पोहायला कशाला जायचं गं बाई, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाकी वेट रूम पूलला लागून आहे की कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला, ट्रेनर आणि आइस बाथ कुठे, उडी मारायच्या ब्लॉकला मागची किक प्लेट आणि बॅकस्ट्रोकच्या स्टार्टला पाय टेकायचे वेज रोजच्या सरावाला लावतात की फक्त मीटला, हे विचारून घ्या. पाण्याखालचे कॅमेरे सगळेच दाखवतात. विचारा, गेल्या आठवड्यात कुणाचा व्हिडिओ काढला आणि बसून बघितला कुणी?

कारण यंत्र असणं आणि वापरणं वेगळं. इंडियानाच्या डॉक काउन्सिलमन यांनी अनेक वर्षांपूर्वीच मुलांची पाण्याखालून फिल्म काढून हात नक्की कसा फिरतो ते अभ्यासलं, मार्क स्पिट्झ त्यांच्याकडचाच, आणि १९६८ ते ७३ सलग सहा टायटल त्यांनी जुन्या रॉयर पूलमध्ये ट्रेनिंग करून काढली, आजच्या मानाने अगदी साधा पूल. (हा माणूस १९७९ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पण पोहला.) आजचं उदाहरण व्हर्जिनियाचं. पूल बघाल तर कॅम्पसच्या फिटनेस सेंटरमधलाच आहे, बघून कुणी खुर्चीतून पडणार नाही. पण तिथे कोच टॉड डेसोर्बोंबरोबर केन ओनो नावाचे गणिताचे प्रोफेसर काम करायला लागले, हे ओनो म्हणजे आपल्या रामानुजनांच्या गणितावर आयुष्य घातलेले. पोरींच्या अंगाला सेन्सर लावायचे, कुठल्या क्षणी वेग पडतो ते आकड्यात काढायचं, आणि मग एवढंच सांगायचं की श्वास घेताना डोकं अमुक इतकं कमी वळव. ऑलिंपिक गोल्डवाली केट डग्लस स्वतः त्या अभ्यासात सामील होती, त्यावरच्या पेपरवर तिचं नाव आहे. तशीच ऑलिंपिकवाली ग्रेचेन वॉल्श पण इथलीच. सेन्सर काही फार मोठी चीज नाही, तो बघून काय बदलायचं हे कळणारा माणूस ही चीज.

एक गोष्ट मात्र कुणी टूरमध्ये सांगत नाही, टीम टिकणार आहे का. आयोवाचा पूल एकदम आधुनिक, २०१५ ला मुलांची एनसीएए तिथेच झाली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये युनिव्हर्सिटीने मुलांची टीमच बंद केली. त्याच वर्षी मिशिगन स्टेटने मुलं-मुली दोन्ही बंद केल्या. २०२५ ला कॅल पॉली (बर्कलीचं कॅल नव्हे, हे वेगळं). यूसीएलएसारख्या ठिकाणी तर १९९४ पासून मुलांची टीम नाही! आणि आता २०२५-२६ पासून डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटात, स्कॉलरशिपची जुनी मर्यादा (मुलांना ९.९, मुलींना १४, तीही तुकडे करून वाटायची) जाऊन कोर्टातल्या नव्या सेटलमेंटमध्ये सामील कॉलेजांना रोस्टरची मर्यादा आली, तीस मुलं तीस मुली, एसईसी या कॉन्फरन्समध्ये मुलांना तर बावीसच. म्हणजे कागदावर स्कॉलरशिप जास्त देता येते पण टीममध्ये जागाच कमी, "घेऊन ठेवू, होईल तयार" असं म्हणणारे कोच कमी झाले. म्हणून सरळ विचारा, माझी जागा रोस्टरमधली नक्की का, आणि दुसऱ्या वर्षी टाइम नाही आला तर काय? उत्तर देताना कोच लेकीकडे बघतो की तुमच्याकडे, ते बघा.

त्यामुळेच मी ताईला म्हटलं डिव्हिजन थ्रीला नाक मुरडू नको. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते हे खरं, पण अभ्यासावर आणि घरच्या परिस्थितीवर मदत मिळते, आणि पोहणं काही हलकं नसतं. ओहायोत गॅम्बियर नावाच्या खेडेगावात केन्यन कॉलेज आहे, त्यांच्या मुलांनी १९८० ते २०१० सलग ३१ वर्षं टायटल घेतलं, एकतीस! मग २०११ ला ओहायोतल्याच डेनिसनने एका पॉइंटने ती साखळी तोडली. एमरीच्या मुलींनी २०१० ते १९ सलग दहा. एमआयटी पण डिव्हिजन थ्री, आणि त्यांच्या झेसिगर सेंटरमध्ये ५० मीटरचा पूल आहे. हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये असून खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. आमची शेवटी डिव्हिजन थ्रीलाच गेली, आठ लेनचा जुना पूल, कोपऱ्यात एक टाइल फुटलेली, आणि प्रॅक्टिस बघायला गेलो तेव्हा पांढऱ्या बोर्डवर तीन वेगळे सेट लिहिलेले होते, स्प्रिंटवाल्यांना वेगळा, लांब पल्ल्याला वेगळा, आणि खांदा दुखणाऱ्या एका मुलीच्या नावाने तिसरा. लेकीने तो बोर्ड वाचला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, झालं.

आता तारखा आणि कागद. डिव्हिजन वनचे कोच दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून मुलांशी बोलू शकतात, आणि कॉलेजच्या खर्चाने होणारी ऑफिशियल व्हिजिट अकरावीच्या १ ऑगस्टपासून. तुम्ही ईमेल मात्र आधीही पाठवू शकता, उत्तर आलं नाही तर रुसायचं नाही, त्यांना नियमाने देताच येत नाही. ईमेल भाचीने स्वतः लिहायचा, मामाने नाही, कोचला दोन ओळींत वास येतो. सब्जेक्टमध्ये नाव, बारावीचं वर्ष, मुख्य इव्हेंट आणि टाइम, मीटरमधला आहे हे स्पष्ट लिहून. आत मार्क, उंची, आठवड्याला किती सेशन पोहते, आणि स्टार्ट, टर्न, अंडरवॉटर दिसेल असा एक मिनिटाचा व्हिडिओ, गाणं न लावता प्लीज. आठवड्याला चारच सेशन असतील तर ते लपवू नका, उलट कोचला त्यात वाव दिसतो. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला नाव नोंदवायचं, ते नववी ते बारावीचे १६ कोर विषय मोजतात, म्हणून नववीची मार्कशीट माळ्यावर टाकली असेल तर खाली काढा. बारावीनंतर ड्रॉप घ्यायचा विचार असेल तर आधी त्यांना विचारा, त्याचे नियम आहेत. आणि सीझनमध्ये प्रॅक्टिस आठवड्याला २० तास, दिवसाला चार, एक दिवस सुट्टी, हा एनसीएएचा नियम आहे, पण प्रवास, फिजिओ वगैरे त्यात धरत नाहीत, तेव्हा इंजिनिअरिंगच्या लॅब कधी करता ते टीममधल्या मुलीलाच विचारायचं, कोच नसताना.

ताईचा परवा परत फोन, म्हणाली सगळं ठीक पण कोच फोन करणार कधी, इथले संध्याकाळचे सहा म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेतीन. मागून भाची ओरडली, चालेल मामा, नाहीतरी साडेचारला उठतेच.